यंत्र बदललें, वही तशीच राहिली

आज मी आपणांपुढें जो विषय मांडणार आहें तो ऐकून कित्येकांस वाटेल कीं, हा कांहीं घरांत बसून ऐकावयाचा विषय नव्हे. युनिक्स नांवाच्या संगणकप्रणालींतील छपाईच्या आज्ञा, त्या आज्ञांच्या पोटांत वर्षानुवर्षें साचलेली अडगळ, आणि त्या कशा वापराव्या हें सांगणारीं पानें, असा हा विषय आहे. परंतु ह्या अडगळीपायीं आणि ह्या पानांपायीं एका मुलीस व तिच्या वडिलांस चिमुरास एक रात्र परक्याच्या ओसरीवर काढावी लागली, आणि त्यांत दोष माझा होता. तेव्हां ती हकीकत आधीं सांगतों. विषय तिच्या मागून आपोआप येईल.

चिमूर हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. १९४२ च्या ऑगस्टांतील उठावामुळें त्याचें नांव साऱ्या देशास ठाऊक झालें, आणि बालाजीच्या घोडायात्रेमुळें तें विदर्भांत घरोघरीं परिचित आहे. तालुक्याचा एक अंग ताडोब्याच्या जंगलास लागलेला. खेड्यापाड्यांतील माणसास बाहेर जावयाचें तर बहुधा एस. टी.चाच आधार. अशा ह्या गांवीं एका शाळेच्या कार्यालयांत २००१ सालीं एक संगणक आला. त्यावर लिनक्स ही युनिक्सच्या घराण्यांतील, कोणासहि मोफत घेतां येण्याजोगी प्रणाली बसविलेली होती. मी मूळचा चिमूरचा, आणि ह्या विद्येशीं माझी थोडीबहुत ओळख; तेव्हां त्यास प्रिंटर जोडून देण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं तें केलें, आणि परत जातांना कारकुनाच्या सोयीसाठीं एका वहींत चार पानें लिहून ठेविलीं. छपाई अडली तर कोणती आज्ञा द्यावी, मग कोणती द्यावी, असें क्रमवार लिहिलें होतें. वही टेबलाच्या खणांत राहिली, आणि पुढें चार वर्षें तिनें आपलें काम चोख केलें.

चार वर्षांनीं मींच सुटींत जाऊन ती प्रणाली काढली आणि तिची नवी आवृत्ति बसविली. प्रिंटर चालूं लागला, एक कागद छापून पाहिला, आणि मी निघालों. खणांतील वही मीं उघडूनहि पाहिली नाहीं.

पुढच्या जूनमध्यें एके दुपारीं कारकुनाचा मला नागपुरास दूरध्वनि आला. दहावी उत्तीर्ण झालेली एक मुलगी वडिलांबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्यावयास आली होती; दुसऱ्या दिवशीं नागपुरास प्रवेशाचा अखेरचा दिवस होता. पाऊस नुकताच लागलेला, धानाचे पऱ्हे टाकण्याचे दिवस. वडील शेतावरचें काम टाकून आलेले. आणि प्रिंटर छापीना. कारकून म्हणाला, “सर, वहीत लिहिलं तसंच करून पाह्यलं, पन मशीन आयकूनच नाही राहिली.”

मी काय बोललों तें सांगावयास आज लाज वाटते. मी म्हणालों, “वहींत लिहिलें आहे तेंच पुन्हां एकदां नीट करा.” यंत्रावर माझा विश्वास नव्हता, कारकुनाच्या हातावर नव्हता, पण स्वतःच्या चार पानांवर मात्र पूर्ण होता.

आतां श्रोते हो, ह्या यंत्राच्या आंत काय चाललें होतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपण संगणकास छापावयास सांगतों तेव्हां मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाहीं. वाटेंत एक कारभारी बसलेला असतो. त्यास इंग्रजींत प्रिंट सर्व्हर म्हणतात. टपालकचेरीच्या खिडकीपुढें लोक उभे राहावे त्याप्रमाणें छापावयाचीं कामें त्याच्यापुढें रांगेनें उभीं राहतात. तो एकेक काम घेतो, प्रिंटरास समजेल अशा रूपांत त्याचें रूपांतर करवितो, आणि पुढें धाडतो. एकाच प्रिंटरावर दहा जणांचीं कामें आलीं तर त्यांची सरमिसळ होऊं नये, हा त्याचा मुख्य उपयोग. कागद अडकला, तार निघाली, कीं तो रांग बंद करून स्वस्थ बसतो, आणि कोणी “उघड” म्हणेपर्यंत उघडीत नाहीं.

युनिक्सच्या जगांत अशा कारभाऱ्यांचीं दोन घराणीं झालीं. एक कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाचें. तेथून १९८३ सालीं बाहेर पडलेल्या प्रणालींत एलपीआर ही छापावयास देण्याची, एलपीक्यू ही रांग पाहण्याची, एलपीआरएम ही काम रद्द करण्याची आणि एलपीसी ही कारभाऱ्यास ताब्यांत ठेवण्याची आज्ञा होती. दुसरें घराणें ए. टी. अँड टी. कंपनीच्या सिस्टिम फाइव्हचें. त्यांत एलपी, एलपीस्टॅट, कॅन्सल आणि रांग उघडण्यासाठीं इनेबल अशा आज्ञा होत्या. काम एकच, भाषा दोन. पुढें मायकेल स्वीट ह्या अमेरिकन प्रोग्रामरानें ह्या दोन्ही घराण्यांच्या जागीं एक नवा कारभारी आणला. त्याचें नांव कॉमन युनिक्स प्रिंटिंग सिस्टिम. आद्याक्षरांवरून त्यास कप्स म्हणतात. १९९९ सालीं तो लोकांपुढें आला, २००२ सालीं अॅपल कंपनीनें आपल्या मॅक संगणकांत तो घेतला, आणि लिनक्सच्या बहुतेक वितरणांतहि तोच रूढ झाला. नव्या कारभाऱ्यानें एक शहाणपणाची गोष्ट केली. जुन्या दोन्ही घराण्यांच्या आज्ञांचीं नांवें त्यानें ठेविलीं, म्हणजे हातास पडलेलें वळण मोडूं नये.

परंतु नांव ठेविलें म्हणजे काम ठेविलें असें होत नाहीं. मीं वहींत लिहिलें होतें कीं, रांग बंद पडल्यास एलपीसी म्हणावें, पुढें स्टार्ट म्हणावें, पुढें प्रिंटरचें नांव द्यावें. जुन्या कारभाऱ्यास हें समजत असे. नव्या व्यवस्थेंतहि एलपीसी नांवाची आज्ञा होती, पण ती नुसती विचारपूस करण्यापुरती. रांग चालूं करण्याचा अधिकार तिच्याकडे उरला नव्हता. तिच्या पानावरहि आपला अधिकार मर्यादित असल्याचें तिनें स्पष्ट नमूद केलेलें होतें. तें पान मीं कधीं वाचलेंच नव्हतें.

अखेर मीं कारकुनास विचारलें, “यंत्र उत्तर काय देतें तें अक्षर अक्षर वाचा.” त्यानें वाचलें. यंत्र म्हणत होतें कीं, स्टार्ट ही गोष्ट एलपीसीच्या कप्स आवृत्तींत केलेली नाहीं. तीन तास तें हेंच सांगत होतें, आणि आम्ही दोघे वहीचें ऐकत होतों.

मग मला उलगडा झाला. मीं त्यास कप्सइनेबल अशी आज्ञा देण्यास सांगितलें. ही आज्ञा मूळची सिस्टिम फाइव्हची इनेबल. पण बॅश नांवाच्या ज्या आवरणांत आपण आज्ञा लिहितों त्यांत इनेबल नांवाची एक निराळीच आज्ञा आधींपासून आहे, आणि दोहोंचा घोटाळा होऊं नये म्हणून कप्सनें आपल्या आज्ञेमागें कप्स हें आडनांव लावलें. असें कां केलें तेंहि त्या आज्ञेच्या पानावर दोन ओळींत लिहून ठेविलें आहे. प्रिंटर गुरगुरला, दाखला बाहेर आला. पण तोंपर्यंत सही करणारे मुख्याध्यापक घरीं गेलेले, शेवटची गाडी सुटलेली. बापलेकींनीं रात्र कोणाच्या तरी ओसरीवर काढली, सकाळीं सही घेतली, आणि पहिल्या गाडीनें तीं नागपुरास गेलीं. प्रवेश मिळाला. शेतावरचा दिवस मात्र गेला, आणि मुलीच्या डोळ्यांत जी धास्ती त्या संध्याकाळीं होती म्हणतात, ती मला कारकुनानें नंतर सांगितली.

ह्या लहानशा प्रसंगानें मला एक प्रश्न दिला: यंत्र आणि यंत्राची माहिती ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत काय? बहुतेकांची समजूत तशीच असते. काम करणारा काम करतो; मग वेळ उरल्यास कोणी तरी माहिती लिहितो. परंतु युनिक्सच्या जन्मदात्यांची समजूत निराळी होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

युनिक्सचा प्रारंभ १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते. त्यांना मोठें यंत्र हवें होतें. आणि तें त्यांना मिळालें तें मजकूर जुळविण्याचें साधन करून देतों, ह्या आश्वासनावर. १९७१ सालीं त्या प्रयोगशाळेच्या पेटंट खात्यांतील लेखनिक आपले अर्ज ह्या यंत्रावर तयार करूं लागले. म्हणजे कागदावर नीट उमटलेला मजकूर हा युनिक्सच्या पदरीं पाळण्यापासूनचाच आहे. त्याच सालच्या ३ नोव्हेंबरची तारीख तिच्या पहिल्या माहितीपुस्तकावर आहे. त्या पुस्तकांत प्रत्येक आज्ञेस एक पान किंवा थोडीं अधिक पानें दिलेलीं. वर नांव, मग वापरण्याची रीत, मग वर्णन, संबंधित फाइली, आणखी कोणतीं पानें पाहावीं त्यांचा निर्देश. आणि शेवटीं दोन मथळे असे कीं, ते दुसऱ्या कोणत्याहि यंत्राच्या पुस्तकांत मला आढळले नव्हते. एक होता ‘बग्ज’, म्हणजे दोष. दुसरा होता ‘ओनर’, म्हणजे धनी. त्याखालीं ती आज्ञा सांभाळणाऱ्याचीं आद्याक्षरें.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांना शुद्धिपत्र जोडलेलें असे. जावजी दादाजी ह्यांनीं १८६९ सालीं मुंबईस काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची ख्याति अचूक छपाईबद्दल होती. पण छापखाना कितीहि चोख असला तरी सुज्ञ वाचक पुस्तक हातीं घेतांच शेवटचें पान उघडून आधीं प्रती दुरुस्त करी आणि मग वाचावयास बसे. शुद्धिपत्र देणें ह्यांत छापखान्यास कमीपणा वाटत नसे. उलट तें नसलेल्या पुस्तकाविषयींच शंका येई. युनिक्सच्या पानावरील दोषांचा मथळा हें तसलेंच शुद्धिपत्र आहे. फरक इतकाच कीं, ग्रंथाचा दोष छापून झाल्यावर ध्यानांत येतो आणि सुधारतां येत नाहीं. प्रोग्रामचा दोष लिहितां लिहितां सुधारतां येतो.

आणि तसें घडतहि असे. डग्लस मॅकिलरॉय हे त्या प्रयोगशाळेंतील एक ज्येष्ठ गणिती. एका आज्ञेचें उत्पन्न दुसरीच्या तोंडीं देण्याची नळाची कल्पना त्यांचीच. माहितीपुस्तकाकडे त्यांचें बारीक लक्ष असे. त्यांनीं पुढें एका मुलाखतींत सांगितलें आहे कीं, पुस्तकाची नवी आवृत्ति निघावयाची झाली म्हणजे सर्वांची एकच धांदल उडे. आपल्या आज्ञेंतील वेडेंवाकडें वर्तन कागदावर लिहूं गेलें म्हणजे तें छापावयाची लाज वाटे. मग लिहिण्याऐवजीं लोक तें वर्तनच काढून टाकीत, किंवा सांगावयास सोपें होईल असें बदलीत. म्हणजे झाडलोट आधीं आणि माहिती मागून, असा क्रम नव्हता. माहिती लिहिणें हीच झाडलोट होती. पाहुणे येणार म्हटलें म्हणजे घर जसें आवरलें जातें, तसा वाचक येणार म्हटल्यावर प्रोग्राम आवरला जाई.

ही झाडलोट म्हणजे काय, तें छापखान्याच्याच दृष्टांतानें सांगतों. खिळे जुळवून पान छापून झालें म्हणजे काम संपत नाहीं. तें जुळविलेलें पान सोडवून एकेक खिळा आपापल्या खणांत परत टाकावा लागतो. हें काम कंटाळवाणें, त्यास वाहवा नाहीं, आणि गिऱ्हाइकाच्या तें दृष्टीसहि पडत नाहीं. पण तें कोणी केलें नाहीं तर आठ दिवसांत छापखाना बंद पडेल. आणि निष्काळजीपणें केलें, अ च्या खणांत आ टाकला, तर पुढच्या पानांत ती चूक उमटेल. प्रोग्रामच्या मजकुराचेंहि असेंच आहे. कालच्या यंत्रासाठीं लिहिलेले भाग, आतां कोणीच न वापरणारी सोय, एकदां पुरती म्हणून घातलेली वाट, हीं सारीं त्यांत साचत जातात. तीं दिसत नाहींत, म्हणून नाहींत असें वाटतें.

तीं असतात आणि कधीं कधीं घात करतात. एक अलीकडचें उदाहरण देतों. कप्सच्या आरंभींच्या काळांत एका संगणकावरील प्रिंटर दुसऱ्यास कळावे म्हणून एक साधी रीत होती: प्रत्येक कारभारी ६३१ ह्या क्रमांकाच्या दारावर दवंडी पिटी, आणि बाकीचे ती ऐकून आपल्या यादींत नवा प्रिंटर नोंदवीत. पुढें याहून चांगली रीत आली, आणि २०१२ सालीं कप्सच्या १.६ ह्या आवृत्तींतून जुनी दवंडी काढून टाकण्यांत आली. पण जुन्या यंत्रांची गैरसोय होऊं नये म्हणून ती ऐकण्याची सोय कप्स-ब्राउज्ड नांवाच्या एका जोडकारभाऱ्यांत ठेवण्यांत आली. हेतु चांगला होता. वर्षें गेलीं, दवंडी पिटणारे राहिले नाहींत, ऐकणारा मात्र दार उघडें ठेवून बसलेला. दवंडी कोण पिटतो तें तो विचारीत नसे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सिमोने मार्गारितेली ह्या इटालियन संशोधकानें दाखवून दिलें कीं, ह्या उघड्या दारांतून खोटा प्रिंटर नोंदवितां येतो. आणि आणखी दोनतीन दोषांची त्यास जोड मिळाली तर, कोणी त्या खोट्या प्रिंटरावर कांहीं छापावयास दिल्याबरोबर परका मनुष्य त्या संगणकावर आपली आज्ञा चालवूं शकतो. तेव्हां जगभर ज्यांना गरज नव्हती त्यांनीं तो जोडकारभारी बंद केला, आणि पुढें कर्त्यांनीं जुन्या दवंडीचा भागच त्यांतून काढून टाकला. बारा वर्षांपूर्वीं अर्धवट राहिलेली सफाई अशी घाईघाईनें आणि भयानें पुरी करावी लागली.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग जुनें तें सर्व फेंकून द्यावें. तसेंहि नव्हे. माळ्यावरची अडगळ काढतांना आजीच्या औषधांचा खलबत्ता फेंकला गेला, असें आपल्याकडे घडतेंच. चिमूरसारख्या ठिकाणीं प्रिंटर मोडेपर्यंत वापरला जातो. पंधरा वर्षांचा प्रिंटर तेथें म्हातारा समजला जात नाहीं. अशा प्रिंटरांचें वर्णन पीपीडी नांवाच्या फाइलींत असतें. कप्सच्या कर्त्यांनीं ह्या फाइलींची पद्धति पुढें बंद करण्याचें ठरविलें आहे, कारण नवे प्रिंटर आपली ओळख आपणच सांगतात. परंतु त्यांनीं ती एका रात्रींत बंद केली नाहीं. प्रिंटर जोडण्याची जी एलपीअॅडमिन नांवाची आज्ञा, तिच्या पानावर त्यांनीं आधींच लिहून ठेविलें कीं, ही सोय पुढील एका आवृत्तींत राहणार नाहीं. मायकेल स्वीट २०१९ च्या अखेरीस अॅपलमधून बाहेर पडल्यावर कप्सचें पुढील काम ओपनप्रिंटिंग ह्या मंडळींनीं चालविलें. आणि जुन्या प्रिंटरांना नव्या व्यवस्थेंत वावरतां यावें म्हणून त्यांनीं दुभाष्याचें काम करणारे स्वतंत्र प्रोग्रामहि तयार केले. माझ्या मतें हीच सफाईची सज्जन रीत आहे: आधीं सांगावें, मग पर्याय द्यावा, मग काढावें. घर रिकामें करावयाचें तर भाडेकऱ्यास नोटीस देतात; सामान रस्त्यावर टाकून मग नोटीस लावीत नाहींत.

आतां एक आपल्या भाषेपुरती गोष्ट. चिमूर हा शब्द घ्या. लिहितांना आपण च च्या आधीं ऱ्हस्व वेलांटीचा उभा दांडा काढतों. पण संगणक अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठवितो. आधीं च, मग वेलांटी, मग म, मग दीर्घ उकार, शेवटीं र. साध्या मजकुराची फाइल एलपीआरच्या हवालीं केली तर ती वाटेंत एका चाळणींतून जाते. ही जुनी चाळणी रोमन लिपीसाठीं बनलेली; एका अक्षरापुढें दुसरें ठेवीत जाणें एवढेंच तिला ठाऊक. तिच्या हातीं वेलांटी च च्या मागें पडे आणि म च्या गळ्यांत अडके. जोडाक्षरांचे तर पाय मोडून वेगळे होत. आणि देवनागरी अक्षरांचा संच हातीं नसला तर नुसत्या चौकटी उमटत. आमच्या गांवाचें नांव आमच्याच शाळेंत आम्हांला वाचतां येऊं नये, असा तो प्रकार. छापखान्यांतील कंपोझिटरास ही गोष्ट कोणी सांगावी लागत नसे.

ह्यावर उपाय निघाले. पँगो नांवाचें एक साधन आहे. तें निरनिराळ्या लिपींचीं अक्षरें त्या त्या लिपीच्या नियमानें जुळवून देतें. पॅप्स नांवाची चाळणी त्याच्या आधारानें मराठी मजकूर शुद्ध छापूं शकते. किंवा मजकुराची आधीं पीडीएफ करून ती छापावयास द्यावी. पण माझा मुद्दा निराळा आहे. एलपीआरच्या पानावर ह्या उणीवेविषयीं अक्षर नव्हतें. दोषांच्या मथळ्याखालीं कोणी एकच ओळ लिहिली असती कीं, ही चाळणी जोडाक्षरें जुळवीत नाहीं, तर कित्येकांचे आपला संगणक बिघडला असें समजून घालविलेले दिवस वांचले असते. तें पान लिहिणाऱ्यास देवनागरी ठाऊक नव्हती, हा त्याचा अपराध नव्हे. आम्हांला ती ठाऊक होती आणि आम्हीं कळविलें नाहीं, हा मात्र आमचा आळस. कारण ह्या प्रणालींचें सौजन्य असें आहे कीं, त्यांचा मजकूर आणि त्यांचीं पानें कोणासहि उघडून पाहतां येतात आणि दुरुस्ती सुचवितां येते. त्यासाठीं मोठा प्रोग्रामर असावें लागत नाहीं. काय केलें, काय व्हावयास हवें होतें आणि काय झालें, एवढें नीट लिहितां आलें म्हणजे पुरे.

शेवटीं पुन्हां माझ्या वहीकडे येतों. त्या दाखल्याच्या प्रसंगानंतर पंधरा दिवसांनीं मी चिमुरास गेलों आणि ती वही मागून घेतली. माझा पहिला विचार असा कीं, चुकीच्या ओळी खोडाव्या आणि बाजूस बरोबर आज्ञा लिहाव्या. पण वाचूं लागलों तेव्हां दिसलें कीं, चार पानांतील फारतर एक पान खरें उरलें आहे. बाकीचें, आतां नसलेल्या यंत्राचें चरित्र आहे. तेव्हां मीं तीं पानें फाडलीं. नवें एकच पान लिहिलें. वर तारीख घातली. कोणत्या आवृत्तीसाठीं लिहिलें तें घातलें. प्रथम एलपीस्टॅटनें रांग उघडी आहे कीं बंद तें पाहावें, बंद असल्यास कारण दूर करून कप्सइनेबल म्हणावें, एवढें लिहिलें. त्याखालीं दोष असा मथळा घातला आणि लिहिलें: मराठी मजकूर थेट छापूं नये, अक्षरें तुटतात, पीडीएफ करून छापावा. त्याच्याहि खालीं, युनिक्सच्या पहिल्या पुस्तकाप्रमाणें, धनी म्हणून माझें नांव आणि दूरध्वनीचा क्रमांक. आणि अगदीं शेवटची ओळ: वहीप्रमाणें करून यंत्र ऐकत नसेल तर वही चुकीची समजावी, आणि यंत्र काय म्हणतें तें वाचावें.

लिहीत असतां एक मौज झाली. नवें पान सोपें व्हावें म्हणून मला यंत्रांतील तीन नांवें बदलावीं लागलीं. एकाच प्रिंटरास मीं निरनिराळ्या वेळीं तीन रांगा जोडून ठेविल्या होत्या, आणि त्यांतील दोन कोणीच वापरीत नसे. तीन नांवें असण्याचें कारण कारकुनास कसें समजावून द्यावें हें मला लिहितां येईना. तेव्हां दोन रांगा काढूनच टाकल्या. ज्यांचें वर्णन लाजेवांचून करतां येत नाहीं त्या वस्तु ठेवूं नयेत, हा मॅकिलरॉयसाहेबांचा अनुभव मला त्या खोलींत, बाहेर पाऊस पडत असतां, आपसुख आला.

श्रोते हो, आपल्यापैकीं बहुतेकांस युनिक्सची आज्ञा कधीं लिहावी लागणार नाहीं. परंतु प्रत्येक घरांत अशी एखादी वही असतेच: पाण्याच्या पंपाची, औषधांच्या वेळांची, बँकेच्या कागदांची, कोणाच्या तरी सुवाच्य अक्षरांत लिहिलेली. ज्यानें ती लिहिली त्यास ती पाहावी लागत नाहीं, आणि ज्यास ती पाहावी लागते त्यास ती बदलण्याचा धीर होत नाहीं. पंप बदलतो, वैद्य औषध बदलतो. वही मात्र पहिल्याच दिवसाचें बोलत राहते, आणि तिचें अक्षर जितकें सुंदर तितका तिच्यावर विश्वास अधिक. माझी एवढीच विनंती कीं, यंत्रास हात लावाल त्याच दिवशीं वहीसहि हात लावा. काढलें तें खोडा, बदललें तें लिहा, अडतें तें कबूल करा, आणि खालीं आपलें नांव घाला.

चिमूरच्या त्या शाळेंत आतां तें यंत्र नाहीं, आणि मीं लिहिलेलें तें एक पानहि नाहीं. पुढें आलेल्या तरुण कारकुनानें नवें यंत्र आल्याच्या दिवशींच तें फाडून आपलें पान लिहिलें, असें मला कळलें. खालीं त्याचें नांव आहे, आणि वर तारीख आहे. माझ्या साऱ्या लिखाणांत इतका चांगला शिष्य मला दुसरा मिळाला नाहीं.